जाहीर न झालेला शेवट

२०२५ च्या डिसेंबर महिन्यात पाश्चात्त्य वृत्तपत्रांत एक बातमी आली. ‘रोलिंग स्टोन्स’ या विख्यात इंग्लिश रॉक बँडने २०२६ मध्ये ब्रिटन व युरोपातील मोठमोठ्या स्टेडियमांतून दौरा काढण्याचा बेत केला होता. तो आता बारगळला आहे, असे तीत म्हटले होते. बँडचे गिटारवादक कीथ रिचर्ड्‌स यांना कित्येक महिने चालणाऱ्या दौऱ्याची हमी देणे जमेना, हे कारण सांगितले होते. त्याच महिन्यात रिचर्ड्‌स यांना ब्याऐंशी वर्षे पूर्ण झाली. गायक मिक जॅगर त्यांच्याहून जवळजवळ पाच महिन्यांनी मोठे.

या बातमीतली गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. जो दौरा कधी जाहीरच झाला नव्हता, तो रद्द झाल्याची ती बातमी होती. एकही तारीख छापली गेली नव्हती, एकही तिकीट विकले गेले नव्हते. तरीही बँडच्या चाहत्यांना आपल्या हातातले काहीतरी काढून घेतल्यासारखे वाटले. कारण त्याआधीचे वर्षभर ही मंडळी स्वस्थ बसलेली नव्हती. दौरा मे महिन्यात सुरू होईल की जूनमध्ये, लंडनला किती कार्यक्रम होतील, या वेळी स्पेनला जातील का, जुन्यांपैकी कोणते गाणे पुन्हा बाहेर काढतील, याची चर्चा त्यांच्यात रंगलेली होती. मुलगी पाहायला पाहुणे यायच्या आधीच वऱ्हाडाची यादी तयार व्हावी, त्यातला हा प्रकार.

ज्या घरांत रॉक संगीताचा एक सूरही कधी वाजला नाही, अशा घरांतील वाचक विचारतील, की ऐंशी ओलांडलेल्या दोघातिघा इंग्रज म्हाताऱ्यांनी गायचे की नाही, याच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे. कलावंताने थांबायचे कधी आणि ते ठरवायचे कोणी, हा प्रश्न आपल्याही घरातला आहे. त्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत महागडे उदाहरण म्हणून या बँडकडे पाहता येते.

अंदाजाचे शास्त्र

चाहत्यांचे अंदाज म्हणजे निव्वळ वावड्या, असा समज असेल तर तो प्रथम दूर करायला हवा. पर्जन्याचे आडाखे बांधणाऱ्या जुन्या शेतकऱ्याइतक्याच बारकाईने ते बांधलेले असतात.

पहिला आधार मैदानांचा. स्टोन्स गातात ती जागा म्हणजे नाट्यगृह नव्हे. चाळीस ते साठ हजार माणसे मावतील असे स्टेडियम त्यांना लागते. ही स्टेडियमे मुळात फुटबॉलची. युरोपातील क्लबांचा हंगाम साधारण मे महिन्याच्या अखेरीस संपतो आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू होतो. अमेरिकेत त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरपासून लागतो. म्हणजे मोठा दौरा काढायचा तर तो वसंत आणि उन्हाळ्याच्या पोकळीत बसवावा लागतो. आपल्याकडे शाळेच्या सुट्या आणि लग्नसराई पाहून नाटक कंपन्या दौरे आखतात, तसेच हे. कार्यक्रम घेणारे व्यावसायिक या काळातील तारखा आधीपासून ‘धरून’ ठेवतात. कोणत्या शहरातले मैदान कोणत्या आठवड्यात मोकळे आहे आणि कोणते विनाकारण अडवून ठेवलेले दिसते, यावर चाहत्यांची नजर असते.

दुसरा आधार साथीदारांचा. २०२१ पासून ढोल सांभाळणारे स्टीव्ह जॉर्डन, १९९३-९४ पासून बास वाजवणारे डॅरिल जोन्स, ऐंशीच्या दशकापासून पियानोवर असलेले चक लेव्हेल या मंडळींना स्वतःचेही कार्यक्रम असतात. त्यांनी अमुक महिने दुसरीकडचे काम घेतले नाही, की चाहते एकमेकांना खुणा करतात.

तिसरा आधार म्हणजे खुद्द बँडने केलेल्या खोड्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या ‘हॅकनी गॅझेट’ या स्थानिक वृत्तपत्रात फुटक्या काचा दुरुस्त करून देणाऱ्या एका दुकानाची जाहिरात आली. दुकानाचे नाव ‘हॅकनी डायमंड्‌स’. चार ओळींच्या त्या मजकुरात स्टोन्सच्या जुन्या गाण्यांची नावे बेमालूम पेरलेली होती. सामान्य वाचकाने ती जाहिरात ओलांडून पुढचे पान उलटले असेल. पण ज्यांना कळायचे त्यांना ते कळले. असे दुकान अस्तित्वातच नव्हते. ‘हॅकनी डायमंड्‌स’ हे त्यांच्या नव्या अल्बमचे नाव निघाले. स्वतः रचलेल्या नव्या गाण्यांचा त्यांचा त्याआधीचा अल्बम २००५ चा. म्हणजे अठरा वर्षांनी काढलेल्या अल्बमची दवंडी त्यांनी एका मोहल्ल्याच्या वृत्तपत्रातील काचवाल्याच्या जाहिरातीतून पिटली. अंदाज बांधणाऱ्यांना अंदाज बांधत ठेवायचे, हे त्यांना चांगले ठाऊक आहे.

सात वर्षांचे मौन

ही विद्या त्यांना एका दिवसात साधली नाही. बँडचा पहिला कार्यक्रम १२ जुलै १९६२ रोजी लंडनच्या मार्की क्लबमध्ये झाला. जॅगर तेव्हा ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’ या नामांकित संस्थेचे विद्यार्थी होते. शिक्षण पुरे केले असते, तर कदाचित आमच्याच बँकिंगच्या धंद्यात एखाद्या टेबलामागे दिसले असते. सुरुवातीच्या वर्षांत दौऱ्याचे कुतूहल फारसे नसे, कारण दौरे सतत चालूच असत. रेकॉर्ड निघायची, ती खपावी म्हणून गावोगाव फिरायचे, परत येऊन दुसरी रेकॉर्ड करायची, असा क्रम होता.

खरी हुरहुर १९८२ नंतर लागली. त्या वर्षीचा युरोपचा दौरा संपला आणि जॅगर व रिचर्ड्‌स यांचे बिनसले. दोघांनी स्वतंत्र अल्बम काढले. वृत्तपत्रांतून एकमेकांवर शरसंधान केले. दौरा नाही, काही नाही. सात वर्षे गेली. बँड मोडला असे कोणी सांगितले नाही, आणि टिकून आहे असेही कोणी सांगितले नाही. एकत्र कुटुंबात भाऊ-भाऊ बोलेनासे होतात, पण सातबाऱ्यावरची नावे तशीच राहतात, तशी ती अवस्था होती.

मग ११ जुलै १९८९ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात ही मंडळी आगगाडीतून उतरली आणि ‘स्टील व्हील्स’ दौऱ्याची घोषणा झाली. तेव्हापासून घोषणा हाच एक प्रयोग होऊन बसला. खरे तर १९७५ मध्येच त्यांनी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर उघड्या ट्रकवर उभे राहून गात गात दौरा जाहीर केला होता. १९९४ मध्ये ते नावेतून आले. १९९७ मध्ये लाल उघड्या कॅडिलॅक मोटारीतून ब्रुकलिन पुलावरून आले. २००२ मध्ये चक्क हवाई फुग्यातून न्यूयॉर्कच्या एका उद्यानात उतरले. दौऱ्याची बातमी आधीच फुटलेली असे. प्रश्न एवढाच उरे, की या वेळी कशातून येणार?

१९८९ च्या दौऱ्याच्या वेळी जॅगर शेहेचाळीस वर्षांचे होते. इंग्लंड-अमेरिकेतील टवाळांनी ‘स्टील व्हील्स’ या नावाचे ‘स्टील व्हीलचेअर्स’ करून टाकले. शेहेचाळिशीतील माणसांना म्हातारे म्हणून हसणारी ती वृत्तपत्रे आज चाळली, तर हसू कोणाला यावे हा प्रश्न पडतो. पंचेचाळिशीतही ‘सॅटिसफॅक्शन’ म्हणत बसण्यापेक्षा मेलेले बरे, अशा अर्थाचे उद्‌गार खुद्द जॅगर यांनी तरुणपणी काढल्याचे नेहमी सांगितले जाते. ते गाणे १९६५ चे आहे. २०२४ च्या दौऱ्यातही ते म्हटले जात होते.

हिशेबाची वही

येथे एका निवृत्त बँक अधिकाऱ्याला हिशेबाची वही उघडल्यावाचून राहवत नाही. कारण ‘पुढचा दौरा कधी’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे.

साठच्या दशकात स्टोन्सनी जगभर नाव मिळवले, पण त्यांच्या हातात पैसा फारसा उरला नाही. अ‍ॅलन क्लाइन या अमेरिकन व्यवस्थापकाशी त्यांनी जे करार केले होते, त्यांतून त्या दशकातील गाण्यांचे हक्क क्लाइन यांच्या कंपनीकडे गेले. म्हणजे ज्या गाण्यांमुळे लोक त्यांना ओळखत, ती गाणी कागदोपत्री दुसऱ्याची! शिवाय ब्रिटनमधील जबर प्राप्तिकराची थकबाकी डोक्यावर होती. अशा वेळी त्यांना भेटले प्रिन्स रुपर्ट लोवेन्स्टाइन. हे गृहस्थ लंडनमधील एका मर्चंट बँकेचे भागीदार, जुन्या बव्हेरियन सरदार घराण्यातले आणि अभिजात संगीताचे शौकीन. रॉक संगीत त्यांना आवडत नसे आणि ते लपवण्याची त्यांनी तसदीही घेतली नाही. या माणसाने १९६८ च्या सुमारास वह्या हातात घेतल्या त्या २००७ पर्यंत. त्यांच्याच सल्ल्याने मंडळी १९७१ मध्ये कर वाचवण्यासाठी फ्रान्समध्ये राहायला गेली. आम्हा बँकवाल्यांना असे ऋणको नेहमी भेटतात, ज्यांच्याकडे धंदा उत्तम असतो, पण तारण दुसऱ्याच्या नावावर असते. अशा माणसाला आम्ही काय सांगतो? जे नव्याने कमावता येईल आणि ज्यावर दुसऱ्याचा बोजा नसेल, ते वाढवा. स्टोन्सच्या बाबतीत ते म्हणजे दौरे. गाण्याचा हक्क दुसऱ्याकडे असला, तरी ते गाणे चाळीस हजारांसमोर उभे राहून म्हणणारा गळा त्यांचाच होता.

१९८१ चा अमेरिकेचा दौरा जोवान या अत्तर कंपनीने प्रायोजित केला. इतक्या मोठ्या रॉक दौऱ्याला असा प्रायोजक मिळण्याची ती सुरुवात मानतात. १९८९ मध्ये टोरांटोचे मायकेल कोल यांनी पुढचे पाऊल टाकले. तोवर प्रत्येक शहरातला व्यावसायिक आपापला कार्यक्रम घेत असे. कोल यांनी सगळा दौराच साडेसहा ते सात कोटी डॉलरच्या दरम्यान उचलला. तमाशाच्या फडाची एका गावाची सुपारी घेण्याऐवजी कोणी सगळ्या जत्रांच्या हंगामाचीच सुपारी द्यावी, तसे ते झाले. तिकिटे, सदरे, प्रायोजक, चित्रीकरण, सगळे एका छत्राखाली आले. २००५ ते २००७ या काळातील ‘अ बिगर बँग’ दौऱ्याने सुमारे ५५ कोटी ८० लाख डॉलरचा गल्ला जमवला. २०११ मध्ये ‘यू टू’ या बँडने मागे टाकेपर्यंत तो विक्रम होता.

म्हणजे क्रम उलटला. पूर्वी रेकॉर्ड खपावी म्हणून दौरा काढीत; नंतर दौरा निघावा म्हणून रेकॉर्ड निघू लागली. १९८१ मध्ये सुमारे पंधरा डॉलरला मिळणारे तिकीट पुढे शेकड्यांत गेले. ते परवडणार कोणाला? ज्याने विद्यार्थिदशेत पंधरा डॉलर साठवून पहिला कार्यक्रम पाहिला आणि आता ज्याच्या घराचे हप्ते फिटले आहेत, त्याला. २०२४ च्या उत्तर अमेरिकेच्या दौऱ्याचा प्रायोजक कोण होता ठाऊक आहे? ‘एएआरपी’, म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या अमेरिकनांची संघटना. तिच्या मूळ नावातच ‘निवृत्त’ हा शब्द होता. निवृत्तांच्या संघटनेने निवृत्त न होणाऱ्यांचा दौरा पुरस्कृत करावा, यात व्यवहार आहे आणि थोडे काव्यही आहे.

विमा कंपन्यांनाही हे गणित सोडवावे लागते. २०१४ मध्ये जॅगर यांच्या सहचारिणीच्या मृत्यूमुळे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडचे कार्यक्रम पुढे ढकलावे लागले. त्यापोटी १ कोटी २७ लाख डॉलरचा दावा लागला, विमेकऱ्यांनी तो नाकारला, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर तडजोड झाली. एका माणसाच्या दुःखाची किंमत वकिलांनी किती बारकाईने मोजली, हे पाहिले म्हणजे ऐंशी वर्षांच्या माणसांचा चार महिन्यांचा दौरा जाहीर करण्यापूर्वी पडद्यामागे काय काय चालत असेल, याची कल्पना येते. चाहते मैदानांच्या तारखा पाहतात. विमेकरी डॉक्टरांचे कागद पाहतात.

लोकाग्रहास्तव

दुसऱ्या बँडांनी वेगळा मार्ग धरला. ‘द हू’ या त्यांच्याच पिढीतील बँडने १९८२ मध्ये निरोपाचा दौरा केला आणि १९८९ मध्ये पुन्हा दौऱ्यावर निघाले. ‘किस’ या अमेरिकन बँडने २००० मध्ये निरोपाचा दौरा सुरू केला. खरा निरोप घेतला तो २०२३ च्या डिसेंबरात. आपल्याला यात नवल वाटू नये. ‘शेवटचे तीन प्रयोग’ असे छापून झाल्यावर पुढच्याच रविवारी ‘लोकाग्रहास्तव आणखी एक’ ही नाटकाची जाहिरात वाचतच आपण मोठे झालो.

स्टोन्सनी मात्र शेवटचा दौरा असा एकदाही जाहीर केला नाही. ही साधी गोष्ट नव्हे. निरोप विकणे सोपे असते. त्यांनी निरोप विकला नाही. अनिश्चितता मात्र विकली गेली. ‘हा शेवटचा’ असे ते कधी म्हणाले नाहीत, आणि म्हणूनच लोकांना प्रत्येक वेळी ‘हा शेवटचा असेल का?’ असे वाटत राहिले. १९८१ पासून प्रत्येक दौऱ्याला हा प्रश्न विचारला गेला आहे. विचारणाऱ्यांपैकी कितीतरी जण आज हयात नसतील.

मग या तर्ककुतर्कांत व्यापाऱ्यांनी लोकांना खेळवले, असेच म्हणायचे काय? तेवढेच म्हणून भागत नाही. व्यापारी घोषणा घडवू शकतो, टंचाई घडवू शकतो; वाट पाहणे मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते. साठ वर्षे एखाद्या गोष्टीची पुनःपुन्हा वाट पाहिली, की ती गोष्ट कॅलेंडर होते. अमुक दौरा झाला तेव्हा आमचे लग्न व्हायचे होते, तमुक दौऱ्याला मुलाला खांद्यावर घेऊन गेलो, त्यानंतरच्या दौऱ्याला त्याने आम्हाला हात धरून नेले. पंढरीची वारी करणाऱ्याला आयुष्यातल्या घटना वारीच्या हिशेबाने आठवतात. या मंडळींना त्या दौऱ्यांच्या हिशेबाने आठवतात. ‘पुढचा दौरा कधी’ याचा अर्थ मग ‘माझे पुढचे वर्ष आहे ना?’ असाही असतो.

ब्रेबर्नची रात्र

या कॅलेंडरावर आपल्याही दोन तारखा आहेत. ४ एप्रिल २००३ रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्‌सवर आणि ७ एप्रिल २००३ रोजी मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर स्टोन्स गायले. त्यापूर्वी ते भारतात कधी गायले नव्हते. त्या वसंतात ‘सार्स’च्या साथीमुळे हाँगकाँग आणि चीनमधले कार्यक्रम रद्द करावे लागले. भारतातलेही होतात की नाही, याची धाकधूक अखेरपर्यंत होती.

आमच्या बँकेत क्लिअरिंग खात्यात एक सहकारी होते. सत्तरच्या दशकात रेडिओ सिलोनवर आणि उसन्या कॅसेटींवर त्यांनी हे संगीत ऐकले होते. मार्चअखेरची कामे नुकती संपलेली. त्यांनी रजा टाकली आणि कारण लिहिले ‘घरगुती कार्य’. परत आल्यावर ते म्हणाले, ‘‘पंचवीस वर्षं आम्ही फक्त ऐकत होतो, की येणार येणार. शेवटी तर मी ते ऐकणंही सोडून दिलं होतं.’’ मी विचारले, ‘‘कसे झाले?’’ ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘‘जॅगर आपल्या जोशीसाहेबांच्या वयाचा आहे हो!’’ आमचे जोशीसाहेब त्या जुलैत निवृत्त व्हायचे होते. जॅगरही त्याच जुलैत साठ वर्षांचे झाले. एकाला आम्ही शाल-श्रीफळ दिले. दुसऱ्याचा दौरा चालूच राहिला.

योगायोगाची गोष्ट अशी, की या बँडचे जगप्रसिद्ध बोधचिन्ह, ते लाल ओठ आणि बाहेर काढलेली जीभ, त्याच्या मुळाशीही आपली एक प्रतिमा आहे. जॉन पाश या लंडनच्या कलाविद्यार्थ्याने १९७० च्या सुमारास ते काढले. त्यापूर्वी जॅगर यांनी त्याला कालीमातेचे चित्र दाखवले होते. मोबदला मिळाला पन्नास पौंड. काली म्हणजे काळाची देवता. काळाला जीभ दाखवणाऱ्या बँडला हे चिन्ह शोभले.

आज आपल्याकडचे चित्र पुष्कळ बदलले आहे. ‘कोल्डप्ले’ हा ब्रिटिश बँड २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईत आला. त्याची तिकिटे २२ सप्टेंबर २०२४ रोजी निघाली, तेव्हा संगणकावरच्या रांगेत सव्वा कोटीहून अधिक लोक उभे असल्याचे सांगण्यात आले. काळ्या बाजाराच्या तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या. रजेच्या अर्जावर ‘घरगुती कार्य’ लिहिण्याची गरज आता कोणाला वाटत नाही. पण येणार की नाही, कधी येणार, आपल्याला शिरकाव मिळेल का, ही हुरहुर तीच आहे. फक्त आता तिला रांगेतला क्रमांक मिळतो.

थांबायचे कोणी ठरवायचे?

बँकेतल्या माणसाला आपल्या निवृत्तीची तारीख नोकरीला लागतो त्याच दिवशी कळते. साठ वर्षे पूर्ण होतील त्या महिन्याची अखेर. त्याबद्दल कोणी अंदाज बांधत नाही. संध्याकाळी चार शब्दांचे भाषण होते, आणि दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर दुसरा बसलेला असतो. क्रूर वाटते, पण त्यात एक सोय आहे. ‘आता पुरे’ असे आपल्याला आपल्या तोंडाने म्हणावे लागत नाही.

कलावंताला ही सोय नाही. त्याला थांबवणारा नियम नसतो. त्याला न थांबू देणारे प्रेक्षक मात्र असतात. बालगंधर्व साठीच्या घरात आल्यावरही स्त्रीभूमिका करीत होते. शरीर साथ देत नव्हते, आवाजही पूर्वीचा राहिला नव्हता. तरी लोक येत. रंगमंचावर जे दिसत होते ते पाहायला ते येत नव्हते; पूर्वी जे दिसले होते ते आठवायला येत होते. त्यांचे ते प्रेम होते यात शंका नाही. पण त्या प्रेमाचा भार वाहणारा देह एका माणसाचा होता. दुसरे उदाहरण पुण्याचे. सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता पंडित भीमसेन जोशी यांच्या गाण्याने व्हायची. शेवटच्या काही वर्षांत दर डिसेंबरात मंडपात एकच कुजबुज असे, ‘यंदा अण्णा गाणार का?’ आजारपणानंतर २००७ मध्ये ते पुन्हा त्या मंचावर बसले आणि गायले. पुढची वर्षेही लोकांनी वाट पाहिली. पण त्यांना ओढून आणा, असे कोणी म्हटले नाही. ती वाट पाहणेही एक नमस्कारच होता.

स्टोन्सच्या चाहत्यांपुढे आज हाच फरक उभा आहे. आजवर त्यांचे अंदाज नेहमी खरे ठरत आले. बिल वायमन १९९३ मध्ये बाहेर पडले, दौरे थांबले नाहीत. २००६ मध्ये रिचर्ड्‌स फिजी बेटावर झाडावरून पडले, डोक्यावर शस्त्रक्रिया झाली. कार्यक्रम पुढे गेले, पण झाले. २०१९ मध्ये जॅगर यांच्या हृदयाच्या झडपेवर उपचार झाले. जूनमध्ये ते शिकागोच्या मंचावर नाचत होते. १९६३ पासून ढोल सांभाळणारे चार्ली वॉट्‌स २४ ऑगस्ट २०२१ रोजी गेले. त्यांच्याशिवाय हा बँडच नव्हे, असे मानणारे पुष्कळ होते. महिन्याभरात दौरा सुरू झाला. इतक्या वेळा मरणाच्या आणि आजाराच्या दारातून ही माणसे परत आली, की ती येणारच, असे चाहते गृहीत धरू लागले. गृहीत धरणे हा प्रेमातला धोक्याचा टप्पा असतो, हे घरात ज्येष्ठ माणसे असलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. ‘बाबांना काही होत नाही’ असे म्हणत आपण त्यांना बाजाराच्या पिशव्या उचलायला लावतो.

रिचर्ड्‌स यांच्या बोटांना संधिवात आहे. त्यांनी स्वतः ते सांगितले आहे, आणि वेदना नसल्याचेही सांगितले आहे. बोटे बदलली, तसे वाजवणेही बदलले, एवढेच. गिटारवादकाने हे सांगणे म्हणजे चित्रकाराने नजरेबद्दल सांगण्यासारखे आहे. अशा माणसाने जर महिनोन्‌महिने मैदानामागून मैदान करणे जमणार नाही असे कळवले असेल, तर त्यात अपेक्षाभंगापेक्षा शहाणपण अधिक आहे. ते ‘मी थांबलो’ असे म्हणालेले नाहीत. ते फक्त हमी द्यायला तयार झाले नाहीत. हमीपत्रावर सही करण्यापूर्वी विचार करणाऱ्या माणसाबद्दल आम्हा बँकवाल्यांना नेहमीच आदर वाटतो.

चाहत्यांनी अंदाज बांधू नयेत, असे मी म्हणणार नाही. अंदाज ही त्यांची साधना आहे, आणि तिच्यात कोणाचे नुकसान नाही. पण अंदाज वेगळा आणि वसुली वेगळी. या माणसांनी आपले काही देणे ठेवलेले नाही. जे द्यायचे ते त्यांनी साठ वर्षांत व्याजासकट दिले आहे. पुढचा दौरा निघाला, तर ती ठेवीवरची रक्कम समजू नये, बक्षिसी समजावी. आणि निघाला नाही, तर खाते बुडाले असे म्हणू नये.

२०२४ चा दौरा २८ एप्रिलला ह्यूस्टनमध्ये सुरू झाला आणि २१ जुलैला अमेरिकेच्या मिसूरी राज्यात रिजडेल नावाच्या लहानशा गावी संपला. त्यानंतर पाचच दिवसांनी जॅगर एक्याऐंशी वर्षांचे झाले. २०२५ हे साल दौऱ्याविना गेले. रिजडेलचा तो कार्यक्रम दौऱ्यांतला शेवटचा ठरतो की नाही, हे काळ सांगेल. पण ठरलाच, तर त्या रात्री तिथे असलेल्या कोणालाही ते माहीत नव्हते. कोणी रडले नाही, कोणी हारतुरे आणले नाहीत, शेवटचा म्हणून कोणाकडून चार डॉलर जास्त घेतले गेले नाहीत. नेहमीसारखी गाणी झाली, दिवे लागले, आणि लोक आपापल्या मोटारी शोधत घरी गेले. परतताना बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न असणार, ‘पुन्हा कधी येतील?’